दर्भाचा कावळा

दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला की सगळे कावळ्याची वाट पाहू लागतात. तो शिवेना, तर गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला आहे असे धरून नातलग हात जोडून एकेक कबुली देतात: धाकटीचे लग्न करू, आईला सांभाळू, बांधाचा वाद मिटवू. तरीही कावळा आला नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. माणूस जिवंत असताना जे त्याला मागूनही मिळाले नाही, ते पिंडासमोर चारचौघांत मिळते, ही विसंगती मराठी समाजाला फार पूर्वीपासून कळते. तिच्यावर हसणे हे इंग्रजी शिक्षणाचे किंवा नास्तिकांचे देणे आहे, असा समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. हे हसू कीर्तनाच्या पोटातच वाढले.

पैठणच्या एकनाथांची कथा महिपतीने अठराव्या शतकात घरोघर पोचवली. श्राद्धाचे अन्न नाथांनी आधी भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, म्हणून ब्राह्मण रुसले. तेव्हा पितर स्वतःच पानावर येऊन बसले. घटना म्हणून तिची ग्वाही देता येत नाही, पण भाविकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या आवडीने ऐकली, हा पुरावा लहान नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या ‘ब्राह्मणांचे कसब’मध्ये जन्मापासून मरणापर्यंतच्या दक्षिणेचा हिशेब मांडला, तो मात्र उघड संतापाने. गाडगेबाबांनी पुन्हा कीर्तनच हाती घेतले. ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत; कर्ज काढून सण आणि जेवणावळी करणारा माणूस तिथे स्वतःवरच हसे.

यावर आक्षेप असा, की दुःखातल्या घराला विधींचाच आधार असतो, त्यांची थट्टा क्रूर आहे. पहिले म्हणणे खरे आहे. चूल न पेटलेल्या घरी शेजारून पिठलं-भात येतो, तेरा दिवस माणसे येऊन बसतात, आणि या सोबतीला पर्याय नाही. पण त्या पिठलं-भाताला वर आलेल्यांपैकी कुणीही हसलेले नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकातही मेलेला भाऊराव स्वतःच आपल्या मरणाचे कीर्तन करतो आणि जुन्याच स्मशानात जळायचा हट्ट धरतो. प्रेत ताटकळते, चाळकऱ्यांची अडचण वाढत जाते. प्रेक्षक हसतात ते या अवघडलेपणाला, कारण खांदा द्यायला आलेल्यांचे सौजन्य किती वेळ टिकते, हे त्यातून उघड होते. आळेकरांनी हे पुण्याच्या मध्यमवर्गाविषयी लिहिले, त्याच वर्गाच्या ओळखीच्या हरिदासी ढंगात लिहिले. परक्याने केलेली टवाळी म्हणून ते झटकून टाकता येत नाही.