शंभरांतले सहासष्ट : मराठी दौलतीतल्या वाटणीचा इतिहास

मोहिमेत हाती आलेला ऐवज कोणाचा, या प्रश्नाला शिवकाळात एकच उत्तर होते: सरकारचा. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीला लिहिलेल्या बखरीत त्याची रीत आली आहे. पावसाळ्याचे चार महिने छावणीत काढून दसऱ्याला लष्कर बाहेर पडे. निघताना प्रत्येक शिपायाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई आणि आठ महिने परमुलखात काढून आल्यावर तीच यादी पुढे ठेवून झडती घेतली जाई. यादीपेक्षा जास्त निघालेला माल सरकारात जमा करावा लागे, नाहीतर त्याची किंमत वेतनातून वजा होई. बायका, ब्राह्मण आणि गाई यांना हात लावायचा नाही, हा दंडकही त्याच बखरीत आहे.

हा नियम टिकला तो ठरलेल्या वेतनामुळे. घरी काय न्यायचे हे शिपायाला आधीच माहीत असे, त्यामुळे लुटीवरून दोन पथकांत तंटा होण्याचे कारणच उरत नसे. लूट सरकारची आणि पोट सरकारच्या जिम्मे, अशी ही जोडी होती. तिच्यातला एक भाग निखळला की दुसराही टिकणार नव्हता, आणि १६८९ नंतर नेमके तेच झाले. संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, खजिना गेला आणि राजाराम महाराज जिंजीच्या आश्रयाला गेले. सैन्य पोसायला रोकड नव्हती. ज्या सरदाराने स्वतःच्या हिमतीवर पथक उभे करून मुलूख सोडवावा, त्याला त्याच मुलखातून सरंजाम मिळेल, असे आश्वासन देणे भाग पडले. त्या आश्वासनावर मराठी फौजांनी औरंगजेबाशी झुंज दिली, हे त्याचे मोठे यश. पण या फौजा आता एका धन्याच्या चाकर राहिल्या नाहीत. त्या भागीदारांच्या टोळ्या झाल्या. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांचे वैर आणि १६९७ मध्ये झालेला संताजीचा खून ही त्या बदलाची सर्वांत कडू खूण आहे.

१७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला, तेव्हा या भागीदारांना पुन्हा वेतनावर आणणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते. शाहूंचा पेशवा बाळाजी विश्वनाथ याने वेगळी वाट धरली: लूट थांबवता येत नसेल तर तिला ठरीव हक्काचे रूप द्यायचे आणि तो हक्क सगळ्यांत कागदावर वाटून टाकायचा. १७१९ मध्ये दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या, सरदेशमुखीच्या आणि स्वराज्याच्या सनदा आल्या. मोबदल्यात चौथाईसाठी बादशहाच्या चाकरीत १५,००० स्वार ठेवायचे, सरदेशमुखीसाठी मुलखात बंदोबस्त राखायचा आणि स्वराज्यापोटी दहा लाखांची पेशकश भरायची होती.

वाटणीचा हिशेब असा होता. एखाद्या महालाचा वसूल ४०० रुपये धरला तर चौथाई १०० रुपये आणि सरदेशमुखी ४० रुपये. सरदेशमुखी हे छत्रपतींचे वतन, म्हणून ते ४० सरळ राजाचे. चौथाईच्या १०० रुपयांपैकी २५ रुपये राजबाबती म्हणून राजाचे. उरलेल्या ७५ चे नाव मोकासा. त्यातून साहोत्रा म्हणजे चौथाईच्या शेकडा ६ पंत सचिवाकडे आणि नाडगौडा म्हणजे शेकडा ३ राजा सांगेल त्याच्याकडे जाई. राहिलेले ६६ रुपये ऐन मोकासा. ते सरदारांना फौजेच्या खर्चासाठी मिळत. घोड्यावर बसून जोखीम पत्करणाऱ्याच्या हाती चौथाईचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग राहत होता, आणि हे न्याय्यच म्हटले पाहिजे.

या रचनेतली खरी चतुराई वसुलीत होती. राजबाबती गोळा करण्याचे काम एकट्याकडे नव्हते. प्रांताप्रांताने ते पेशवे, प्रतिनिधी आणि पंत सचिव यांच्यात विभागले होते. एकाच महालात एकाचा मोकासा, दुसऱ्याची बाबती आणि तिसऱ्याचा साहोत्रा असे. मोठ्या सरदारांना एकमेकांच्या प्रांतात इनाम गावेही दिली जात. त्यामुळे कोणत्याही एकाला आपला मुलूख कुलूपबंद करता येत नसे. शिवाय सरदाराच्या फौजेत दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरखदार हुजुरातून नेमले जात आणि त्यांना परस्पर काढून टाकण्याचा अधिकार सरदाराला नव्हता. हिशेब लिहिणारा वेगळा आणि पैसा खर्चणारा वेगळा, हे तत्त्व त्यात होते.

साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने ही सगळी गुंतागुंत आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदवली. त्याला तीत कारकुनी डाव जास्त दिसला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच व्यवस्थेकडे विखुरलेल्या सरदारांना एका कामात बांधणारी युक्ती म्हणून पाहिले. रानड्यांचा कौल अधिक पटणारा आहे. डफने हिशेबाची किचकट बाजू बरोबर पकडली, पण त्या किचकटपणामुळेच तीस वर्षे माणसे एकत्र राहिली, हे त्याच्या मोजमापात आले नाही.

वाट्याचे गणित ठरले तरी नव्या मुलखात कोणी जायचे, हा निर्णय उरतोच. तो साताऱ्यात होई. पेशवा बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पा याने १७३० मध्ये गुजरातच्या चौथाईचा करार मिळवला, तेव्हा गुजरात आपले क्षेत्र मानणारे सेनापती दाभाडे बिथरले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ लढाई झाली आणि तीत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. विजय बाजीरावाचा झाला होता, तरी शाहूंनी गुजरात त्याला दिले नाही. ते दाभाड्यांकडेच ठेवून माळवा पेशव्याकडे दिला, दोघांनी एकमेकांच्या हद्दीत शिरू नये असे ठरवले आणि गुजरातच्या निम्म्या वसुलाचा भरणा पेशव्यामार्फत सरकारात करण्याची अट घातली. १७४३ मध्ये रघूजी भोसले आणि पेशवा बाळाजी बाजीराव बंगालच्या वसुलीवरून समोरासमोर आले. तेव्हाही शाहूंनी दोघांना साताऱ्यास बोलावून हद्दी आखून दिल्या. बंगाल व ओरिसा रघूजीच्या बाजूला गेले आणि माळवा, आग्रा, प्रयाग पेशव्याच्या बाजूला. स्वतः मोहिमेवर न जाणाऱ्या राजाचा शब्द रणांगण गाजवणारे सरदार मानत होते. त्याचे मोठे कारण हे की या तंट्यांत त्याला कोणाचाही मुलूख स्वतःसाठी घ्यायचा नव्हता.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू वारले. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने राज्यकारभाराची सत्ता त्यांच्या गादीवर आलेल्या छत्रपती रामराजांकडून पेशव्याकडे आली आणि निवाडा करण्याची जागा साताऱ्याहून पुण्याला गेली. पेशवा मात्र स्वतः सर्वांत मोठा वाटेकरी होता. वाटेकऱ्याने वाटणी केली की ती कितीही चोख असली तरी इतरांच्या मनात शंका राहते. मराठी दौलतीच्या उत्तरार्धातली बहुतेक भांडणे या जागी उगवली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मधल्या काळात एकत्र निर्णयाचा एक मोठा प्रयोग झाला. पेशवा नारायणराव याच्या खुनानंतर सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी त्याचा चुलता राघोबादादा याला दूर ठेवण्यासाठी हातमिळवणी केली. तेच बारभाईंचे कारस्थान. राघोबाला पेशवाईवरून हटवणे एवढा हेतू सर्वांचा एक होता, तोवर मंडळ टिकले. पुढे सत्ता हळूहळू नानांच्या हाती गोळा झाली. मतभेद झाल्यास कोणाचे मत चालावे, हे बारभाईंनी कधी कागदावर आणलेच नव्हते.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यावर सगळे सरदार शेवटचे एकत्र आले. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन सरसेनापती होते आणि शिंदे, होळकर, भोसले त्यांच्या हाताखाली लढले. निजामाकडून तीन कोटींची खंडणी आणि दौलताबादसह मोठा मुलूख कबूल करून घेतला गेला. त्याच वर्षी पेशवे सवाई माधवराव वारले आणि गादीच्या तंट्यात सगळे एकमेकांवर उठले. १७९६ मध्ये महाडच्या तहाने नानांनी निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी खर्ड्याच्या कमाईतला पेशव्याचा वाटा सोडून दिला.

पटवर्धनांच्या घरातही हीच कथा लहान प्रमाणावर घडली. कोतवड्याच्या हरभटांच्या मुलानातवंडांनी पेशवाईत पराक्रम करून कृष्णाकाठचा सरंजाम मिळवला आणि घराण्याच्या शाखा मिरज, तासगाव, कुरुंदवाड अशा ठिकाणी बसल्या. मिरजेला चिंतामणराव अज्ञान असताना कारभार चुलते गंगाधररावांनी पाहिला. पुतण्या वयात आल्यावर तो सोडायचा कधी, यावर बेबनाव झाला आणि १८०१ मध्ये चिंतामणराव आपला हिस्सा व गणपतीची मूर्ती घेऊन सांगलीस आले. येथेही तंटा किती मिळावे यापेक्षा हुकूम कोणाचा चालावा, याचाच होता.

१८१२ च्या पंढरपूरच्या करारात पेशवा दुसरा बाजीराव आणि जहागीरदार यांच्यामध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट एल्फिन्स्टन उभा राहिला. शाहूंनंतर रिकामी पडलेली पंचाची जागा कंपनीने घेतली. तिच्याच संमतीने १८२० मध्ये मिरजेचे चार वाटे झाले. त्यातले दोन वारस नसल्यामुळे १८४२ आणि १८४५ मध्ये खालसा झाले आणि थोरली व धाकटी अशा दोन पाती उरल्या. धाकट्या पातीची राजधानी बुधगाव.  दक्षिणेतली ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली.