वित्तविषयक प्रबंध : लेखन व सादरीकरण
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय असून प्रबंधास १२ श्रेयांक आहेत. साहजिकच वाणिज्य शाखेत वित्तविषयक प्रबंधाचे महत्त्व वाढले आहे.

विषय मर्यादित असावा. 'भारतीय शेअर बाजार' हा आवाक्याबाहेरचा विषय होय. 'निफ्टीत समावेश झाल्यावर समभागाच्या भावात होणारा बदल' हा पेलण्याजोगा. प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधनपद्धती, विश्लेषण व निष्कर्ष अशी प्रकरणांची रचना रूढ आहे.

खरी कसोटी आकडेवारीची. वीस वर्षांचा परतावा मोजताना निफ्टीतील आजच्याच ५० कंपन्या घेतल्यास, जानेवारी २००९ मध्ये निर्देशांकातून वगळलेल्या सत्यमसारख्या कंपन्या हिशेबातून निसटतात आणि परतावा वास्तवापेक्षा चांगला भासतो. लाभांश न धरल्यास तो कमी दिसतो. बोनस वा समभाग विभाजनानुसार जुने भाव समायोजित न केल्यास भावातील तांत्रिक घट तोटा म्हणून नोंदली जाते.

सादरीकरणात प्रकरणे वाचून दाखविण्याऐवजी प्रश्न, पद्धत, एखादा प्रमुख तक्ता, निष्कर्ष व अभ्यासाच्या मर्यादा एवढेच मांडावे. आकडे कोठून घेतले, कोणते वगळले व का, या प्रश्नांची तयारी मौखिक परीक्षेपूर्वी अवश्य करावी. आयता मिळविलेला प्रबंध येथेच उघडा पडतो. अपेक्षेविरुद्ध आलेला निष्कर्ष मात्र अपयश ठरत नाही; तो प्रामाणिकपणे मांडणे हेच संशोधनाचे पहिले शिक्षण होय.