गाझी बुडाली त्या रात्री

३ डिसेंबर १९७१, शुक्रवारची रात्र. तुम्ही कुरुंदवाडच्या नदीघाटावर आहात. पलीकडे नरसोबाच्या वाडीतली दत्तजयंतीची गर्दी नुकतीच ओसरली आहे. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओट्यावर माणसं दाटली आहेत. इंदिरा गांधी मध्यरात्रीनंतर बोलणार आहेत. जवळच्या सैनिक टाकळीत तर घरोघरी फौजी. तिथे आज कुणाचा डोळा लागणार?

तुम्ही मात्र पाण्याबरोबर निघा. पंचगंगेला पोटात घेऊन कृष्णा कर्नाटक, आंध्र ओलांडते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. तिथून किनाऱ्याने ईशान्येला विशाखापट्टणम. बंदराबाहेर पाण्याखाली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी दबा धरून आहे.

आत शिरा. अंग चोरूनच चालावं लागतं. डिझेलचा वास कपड्यांत, अंथरुणात मुरलेला. पुढच्या खणात टॉर्पेडो रचलेत आणि त्यांच्या वरच खलाशांचे बंक. डोकं टेकायचं ते दारूगोळ्यावर. पाणबुडी जुनी, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेने बांधलेली. कमांडर जफर मुहम्मद खान आणि त्यांची माणसं १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली, ती आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाला गाठायला. 'विक्रांत' केव्हाच अंदमानकडे गेली आहे. त्यांना ते ठाऊक नाही.

मध्यरात्र उलटते आणि स्फोट होतो. आपलं नौदल म्हणतं, आपल्या 'राजपूत' जहाजाने टाकलेल्या डेप्थ चार्जने, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने. पाकिस्तान म्हणतं, अपघाताने. तो वाद इतिहासकारांनी घालावा. आत नव्वदहून अधिक माणसं होती, एकही वाचला नाही. मागाहून कोळ्यांना पाण्यावर तेलाचा तवंग आणि तरंगणारे अवशेष दिसले.

आता पाच दिवस पुढे, अरबी समुद्रात. ९ डिसेंबरची रात्र, दीवचा किनारा दूर. पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीचा टॉर्पेडो आपल्या 'खुकरी'वर बसतो आणि काही मिनिटांत जहाज जातं. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. दीवला त्या सगळ्यांचं स्मारक आहे.

'गाझी' आपल्या मुलांना बुडवायलाच आली होती, मग तिच्यातल्यांसाठी का हळहळायचं? हा प्रश्न रास्त आहे. पण समुद्रात गेलेल्याच्या घरी ना देह येतो, ना कबर होते, ना अस्थी. कराचीतल्या आईचं आणि खुकरीवरच्या मुलाच्या आईचं दुःख इथे एकच. ज्या गावात मशिदीत गणपती बसतो, त्या कुरुंदवाडला हे वेगळं समजवायला नको.

४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो. येत्या नौदल दिनी खुकरीच्या १९४ जणांना वंदन कराल, तेव्हा गाझीतल्या माणसांचीही क्षणभर आठवण काढा.