दिंडीचा कंदील



माउली, गीतेच्या सहाव्या अध्यायातला एकोणिसावा श्लोक आपल्या ऐकण्यातला असेल. योग्याच्या चित्ताला भगवंतांनी तिथे दिव्याची उपमा दिली आहे. वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा जसा हलत नाही, तसे ते चित्त. हा दृष्टांत मी कीर्तनात किती वेळा सांगितला असेल याची गणती नाही. पण सांगताना दर वेळी मनात एक शंका येई आणि ती मी कधी बाहेर काढली नाही. योगी एका जागी आसन घालून बसतो. त्याला निवात जागा शोधता येते. वारकरी तर चालतो, आणि चालतो तेही पावसाळी वाऱ्यात, उघड्या माळावरून. त्याने आपला दिवा कुठे ठेवावा?

त्या शंकेचे एक साधे उत्तर आमच्या राहुटीबाहेर बांबूला टांगलेले असे. आज त्या कंदिलाची थोडी हकिकत सांगतो. निवडावा कसा आणि वापरावा कसा हेही सांगतो, कारण काही दिंड्यांत तो अजून आहे आणि नव्या पोरांना त्याची वात कापता येत नाही.

आधी अंधाराचा हिशेब पाहा. तुकोबारायांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माउलींची आळंदीहून अष्टमीला. म्हणजे प्रस्थानालाच चंद्र उतरणीला लागलेला असतो. तो रोज उशिरा उगवतो, बारीक होत जातो, आणि अमावास्येच्या सुमारास माउलींची पालखी जेजुरी मागे टाकून वाल्हे-लोणंदच्या बाजूला असते. पुढे शुद्ध पक्ष लागतो खरा, पण आभाळ भरलेले. वारीची वाट अंधाऱ्या पंधरवड्यातूनच सुरू होते, ही गोष्ट आजच्या विजेच्या झगमगाटात ध्यानात येत नाही.

तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी राहिलेले, त्यांना लष्करी तळाची शिस्त ठाऊक. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिले. तळ कसा पडावा, दिंड्यांचा क्रम कसा असावा, चोपदाराने दंड वर केला की सगळ्यांनी कसे शांत व्हावे, हे सारे तेव्हापासूनचे. पण उजेड? तेव्हा रॉकेल कोणी पाहिलेही नव्हते. उजेड म्हणजे दिवटी किंवा मशाल. दांड्याच्या टोकाला चिंध्यांचा घट्ट बोळा, दुसऱ्या हातात तेलाची बुधली, आणि जरा ज्योत मंदावली की बुधलीतून धार. पहाटेच्या आरतीला आपण काकडा म्हणतो ना, तो शब्दही मुळात अशाच पिळलेल्या चिंधीच्या वातीचा. गावगाड्यात दिवटी धरण्याचे काम बहुधा न्हाव्याकडे असे, म्हणजे आमच्या सेना महाराजांच्या ज्ञातीकडे. मान होता, कष्टही होते.

मशालीला तेल फार लागते. करंजाचे असो, तिळाचे असो, करडईचे असो, ते घाण्यावरून यायचे. ज्याच्या घरी फोडणीला तेल पुरत नाही तो ते रात्रभर जाळणार कसा? म्हणून मशाल पालखीपुढे असे, सरदाराच्या तंबूपुढे असे. बाकीचे वारकरी टाळाच्या आवाजाच्या रोखाने चालत आणि हाकेच्या रोखाने आपला मुक्काम शोधत.

1859 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया प्रांतात ड्रेक नावाच्या माणसाने जमिनीत भोक पाडून खनिज तेल काढले. त्यापासून गाळलेले दिव्याचे तेल पुढे पत्र्याच्या डब्यांतून आपल्याकडे येऊ लागले. खडकातले तेल म्हणून इंग्रजीत ‘रॉक ऑइल’, त्याचे आपण रॉकेल केले. ‘गॅसलाइट’चे घासलेट केले. शब्दांना असे आपले करून घेण्यात मराठी माणूस मोठा पटाईत. घरोघरी चिमण्या लागल्या. पण चिमणी ही घरातली. दाराबाहेर पाऊल टाकले की फुर्र.

उघड्यावरचा कंदील घडवला तो जॉन अर्विन नावाच्या एका अमेरिकन कारागिराने. त्याचे पेटंट 1869 सालचे. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. दिव्याला वारा लागू नये म्हणून तो पूर्ण कोंडला, तर तो गुदमरून विझतो. हवा मिळावी म्हणून खाली भोके ठेवली, तर झुळूक त्याच भोकांतून शिरून ज्योत उडवते. अर्विनने काचेच्या दोन बाजूंना दोन नळ्या बसवल्या. हवा वरून घ्यायची, नळ्यांतून खाली न्यायची आणि वातीखाली सोडायची. धूर बाहेर पडतो तोही वरच. म्हणजे आत येण्याची वाट आणि बाहेर जाण्याची वाट जवळजवळ एकाच ठिकाणी. झोत आला तर तो दोन्ही वाटांवर सारखाच दाबतो, आणि ज्योतीला कोणत्याच बाजूने ओढ लागत नाही. वारा बाहेर आहेच, तो कोणी थांबवलेला नाही. पण हा दिवा आपली निवात जागा सोबत घेऊन चालतो. मी हे प्रथम समजून घेतले तेव्हा पन्नाशी उलटली होती, आणि तो सहावा अध्याय मला पुन्हा पहिल्यापासून वाचावासा वाटला.

पहिल्या प्रकारात धुरातली थोडी गरम हवाच नळ्यांत परत जाई. तेल कमी लागे, पण ज्योत तांबूस आणि मंद. पुढच्या पाच-सहा वर्षांत अर्विननेच दुसरा प्रकार काढला. त्यात नळ्या धुराड्याच्या बाजूने ताजी, थंड हवा घेतात. उजेड पांढरा आणि मोठा. आपल्याकडे जास्त दिसतो तो हाच.

आरंभी हे कंदील परदेशातून येत. अमेरिकेच्या डीट्झ कंपनीचे, पुढे जर्मनीचे. स्वदेशीच्या चळवळीत लोकांच्या मनाला हे लागले. कंदिलाचा पत्रा ठोकणे तसे सोपे, अवघड ती काच. आत ज्योतीचा ताव, बाहेर पावसाचे थेंब, दोन्ही तिने सोसायचे. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो 1908 साली. लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या निधीतून. त्यानंतर औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि त्या माळाचे नावच ओगलेवाडी झाले. तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचला. प्रभाकर म्हणजे सूर्य. रात्रीच्या दिव्याला हे नाव ज्याने दिले त्याला नमस्कार.

वारीत यामुळे मोठा फरक पडला, आणि तो कोणी लिहून ठेवण्याइतका मोठा मानला नाही. प्रत्येक दिंडीला स्वतःचा दिवा मिळाला. बैलगाडीच्या आखाखाली एक, राहुटीबाहेर बांबूवर एक. हजारो माणसांच्या तळावर आपला कंदील ओळखता येई. कोणी काचेला वर तांबडी पट्टी रंगवी, कोणी बांबूला भगवे फडके बांधी.

गॅसबत्तीचे म्हणाल तर ती कीर्तनाच्या मंडपातली राणी. उजेड लखलखीत, पण दर थोड्या वेळाने पंप मारावा लागे, आणि तिच्यातली जाळी एका धक्क्याने राख होई. तिला चालता येत नव्हते. शिवाय तिच्यावर येणारी पाखरे! अभंगाच्या ऐन चालीत मी किती किडे गिळले ते पांडुरंगाला ठाऊक.

आता निवडीचे बोलू. जुन्या बाजारात कंदील दिसला तर आधी टाकी पाहावी. रॉकेल भरून रात्रभर कागदावर ठेवावा. सकाळी कागदावर डाग दिसला तर कितीही देखणा असो, सोडून द्यावा. काच बैठकीवर नीट बसते का, हलते का, पाहावे. चावी फिरवल्यावर वात सहज वरखाली झाली पाहिजे. फार घट्ट वात तेल ओढत नाही. नळ्या गंजून भोके पडली असतील तर वाऱ्याची सारी युक्ती फुकट. एक जादा काच धोतरात गुंडाळून बरोबर ठेवावी.

वापरताना वात सरळ कापावी आणि दोन्ही कोपरे जरासे उतरवावेत, म्हणजे ज्योतीला शिंगे फुटत नाहीत. पेटवल्यावर काही वेळ ज्योत लहानच ठेवावी, काच तापू द्यावी, मग वाढवावी. वात फार वर काढली की उजेड वाढत नाही, काजळी वाढते. तापलेल्या काचेवर पाणी पडू देऊ नये. टाकी काठोकाठ भरू नये. पेटता कंदील भरणे आणि रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळणे, या दोन गोष्टी तर कोणी सांगितल्या तरी करू नयेत. आणि बंद राहुटीत कंदील लावून झोपू नये. आग लागते ती दिसते तरी, विषारी हवा दिसतही नाही. राहुटीच्या आत आजचे बॅटरीचे दिवेच बरे, हे मी कोणताही संकोच न ठेवता सांगतो. कंदिलाची जागा बाहेर, बांबूवर, वाळल्या गवतापासून दूर.

एवढे बारीक मी का सांगतो? मी तेरा वर्षांचा असताना दिंडीच्या कंदिलाचे काम माझ्याकडे होते. वाल्ह्याच्या पुढे एका मुक्कामी शेजारच्या दिंडीत कीर्तन रंगले होते. मला तिकडे जायची घाई. टाकीत बोटभर तेल होते, म्हटले पुरेल. उजेड छान दिसावा म्हणून वात भरपूर वर केली आणि पळालो. मध्यरात्रीपर्यंत काच काळी झाली आणि मग तेलही संपले.

आमच्या दिंडीतल्या एक मावशी, साठी उलटलेल्या, रात्री उठून शेताच्या बाजूला गेल्या होत्या. परतताना कंदील दिसेना. अंधारात सगळ्या राहुट्या सारख्या. पावसाची भुरभुर सुरू झाली. हाका मारून लोकांची झोप कशाला मोडायची, म्हणून त्या एका बांधावर घोंगडे डोक्यावर घेऊन बसून राहिल्या. पहाटे आमच्या दिंडीचा काकडा सुरू झाला तेव्हा मृदंगाच्या हातावरून त्यांनी आपली माणसे ओळखली आणि त्या रोखाने आल्या. थंडीने ओठ निळे पडले होते.

विणेकरी बाबा मला खूप बोलले. मावशी काही बोलल्या नाहीत. दोन दिवस त्यांना ताप होता, त्या गाडीत बसून आल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काच पुसत बसलो होतो तर शेजारी येऊन बसल्या. माझ्या हातातली काच घेतली, चुलीतली राख फडक्यावर घेतली आणि आतून पुसत म्हणाल्या, “बाळा, म्हाताऱ्या माणसाला रातच्याला दोनदा उठावं लागतं. तेवढं तेल घालत जा.”

तो कंदील दिंडीच्या सामानाच्या ट्रकात अजून असतो. काच चौथी आहे, वाती किती झाल्या कोणी मोजल्या नाहीत. रॉकेल आता सहजी मिळत नाही, म्हणून प्रस्थानाआधीच एक डबा मिळवून ठेवावा लागतो. गेल्या वर्षी ट्रकात सामान भरणाऱ्या मुलाने मला विचारले, बाबा, याला किती घालायचे? मी त्याला दोनदा उठण्याचा हिशेब सांगितला. तो हसला, आणि टाकी भरली.