परक्या गाडीतला संसार
चालकाविना धावणारी सामायिक मोटार ज्याला-त्याला आपली कशी वाटावी, हा प्रश्न बीडच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या परिसराला तसा जुनाच; तिथे तो ऊसतोडीच्या परक्या गाडीपासून पडलेला. १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग कारखाने वाढत गेले. १९७२ च्या दुष्काळाने बीडची माणसं ऊसतोडीकडे आणखी लोटली. ऊसतोडीत कारखान्याची बैलांची टायरगाडी एरवी ऊस वाहते आणि मुक्काम हलला की तीच संसार वाहते: तळाशी सरपण, वर ज्वारीचं पोतं, वाकळ, वाकळेवर पोर. गाडी परकी, मांडणी घरची. ही हौस नव्हे, नाइलाज, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्याला निवड कुठली? पण नाइलाजातली मांडणीही विचारपूर्वकच असते, आणि आपलेपणाला मालकी लागत नाही हे ती दाखवते. तेव्हा त्या सामायिक मोटारीत फिरत्या खुर्च्या बसवण्याआधी गाठोड्याची जागा ठरवायला हवी.