डोलकाठीचा ताण

जबलपूरहून बोलतोय. नर्मदाकाठी बसून समुद्रातल्या शिडांचा इतिहास कशाला, असं वाटेल. पण भारतीय शिडाच्या बोटीची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा लष्करानेच केली. कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्यांची ‘तृष्णा’, १९८५ ते १९८७.

नंतर व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींच्या प्रेरणेने नौदलाची सागर परिक्रमा उभी राहिली. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वर कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. असा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

अशा बोटीची डोलकाठी उभी राहते ती ताणांवर, तंबूच्या खांबासारखी. पुढे एक ताण, मागे एक, बाजूंना जोड्या. आधी काठीच्या शेंड्यापासून दोन्ही काठांपर्यंत अंतर मोजायचं. ते सारखं हवं. मग दोन्ही बाजूंचे टर्नबकल सारखेच आटे फिरवून आवळायचे. पुढचा ताण ढिला राहिला तर पुढचं शीड फुगतं आणि बोट वाऱ्याच्या रोखाने चढत नाही. मागचा आवळला की काठी किंचित वाकते, मोठं शीड सपाट होतं. जोराच्या वाऱ्यात हेच हवं असतं. मात्र प्रमाणाबाहेर आवळलं तर बोटीच्या सांगाड्यालाच त्रास. शेवटी बंदरात नाही, पाण्यात बोट कलल्यावर तपासायचं.

हे किती जिवावरचं आहे, ते २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दिसलं. पाच बोटींच्या डोलकाठ्या मोडल्या. त्यांत कमांडर अभिलाष टॉमींची गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ होती. वादळात बोट उलटली, त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. अशा लाटेपुढे उत्तम जुळणीही अपुरी पडू शकते.

त्याच शर्यतीत ज्याँ-लुक व्हॅन डेन हीड यांच्या बोटीचे बाजूचे ताण ज्या बोल्टवर होते, तो एका लाटेच्या तडाख्याने काठीत खाली सरकला आणि ताण ढिले पडले. त्र्याहत्तर वर्षांचे हे गृहस्थ भर समुद्रात पुन्हा पुन्हा काठीवर चढले, ताण बांधून घेतले, पुढे बोटीला जपत हाकलं आणि २११ दिवसांत शर्यत जिंकली.

टॉमीही २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

बोटीच्या वेगाची चर्चा शिडावरून होते. पण पृथ्वीप्रदक्षिणेचा हिशेब बऱ्याचदा या चार-सहा तारांपाशी येऊन थांबतो. पुढच्या वेळी शिडाची बोट दिसली, तर आधी त्या तारा पाहा.