कुत्र्याच्या लसीने शिकवलेला धडा

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, हे गडब-पेणकडच्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. पण मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजाराचे कोडे त्याच सुयांच्या आधारे उलगडू लागले, ही हकिकत फारशी कोणी सांगत नाही.

१८८५ साली पाश्चरने सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली लस माणसाला टोचली. १९११ मध्ये कसौलीस डेव्हिड सेंपल यांनी रोगाचे विषाणू कार्बोलिकने निकामी करून साधी, स्वस्त लस काढली. पुढे ती मेंढीच्या मेंदूपासून होऊ लागली. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेतही तयार होई. या लसीने असंख्य जीव वाचवले, कारण हा रोग एकदा उमटला की मरण ठरलेलेच. तथापि थोड्या लोकांचा रोग टळला, पण लशीनंतर पाय लुळे पडले. असे का व्हावे?

१९३३ साली न्यूयॉर्कमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. त्यात रोगाचा विषाणू मुळीच नव्हता. तरीही काही माकडे लुळी पडली. म्हणजे दोष मेंदूच्या अंशाकडे होता. १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी अशा आजारी उंदरांच्या लसिकाग्रंथींतील पेशी निरोगी उंदरांना दिल्या, तो तेही आजारी झाले. गुन्हेगार सापडला: शरीराच्या रक्षक पेशी.

आम्हा कामगारांच्या भाषेत सांगावयाचे तर फाटकावरच्या पहारेकऱ्याला चोराची म्हणून जी खूण दाखवली, ती आतल्या कामगाराच्याही अंगावर होती. मज्जातंतूंवर विजेच्या तारेवर असते तसे मायलिनचे वेष्टन असते. मेंढीचे मायलिन परके म्हणून ओळखण्यास शिकलेल्या पेशी मेंदूत शिरून आपलेच वेष्टन सोलू लागतात.

शार्को यांनी १८६८ साली वर्णिलेल्या मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्येही वेष्टन असेच जाते. फरक इतकाच, की तिथे लस नसते आणि हल्ला बहुधा पुनःपुन्हा होतो. या पेशींना मेंदूच्या वेशीवरच अडवणारे नॅटालिझुमॅब हे औषध प्राण्यांतील याच कृत्रिम आजारावरील प्रयोगांतून पुढे आले आणि २००४ साली अमेरिकेत मंजूर झाले. काही रोग्यांना मेंदूचा घातक संसर्ग झाल्याने ते २००५ मध्ये थांबवावे लागले व २००६ मध्ये सावधगिरीने परत आले. पहारा अडवला की खरा चोर आत शिरतो, हेही त्यातून कळले.

त्याच २००४ च्या अखेरीस हिंदुस्थानात मेंढीच्या मेंदूची लस बंद झाली. वास्तविक मेंदूचा अंश नसलेली लस १९७० नंतरच्या दशकातच निघाली होती. ज्याच्या खिशात पैसे, त्याला ती आधी मिळाली. सरकारी दवाखान्याच्या रांगेतला माणूस पोट पुढे करीत राहिला. आज दंडात मोजकीच इंजेक्शने पुरतात. ती आपल्या दवाखान्यात शिल्लक आहेत की नाहीत, हे विचारणे आपले काम आहे. चावा झाल्यावर नव्हे, आधीच विचारावे.